बीटल्सची गाणी आपल्या ढंगात करताना काय हलवावं आणि काय नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो थोडक्यात असा: तुम्ही पुण्यातले सहा जण, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. एक गायिका, तिचं शास्त्रीय शिक्षण सात-आठ वर्षांचं. गिटार, बेस, कीबोर्ड, व्हायोलिन, आणि तबला-ढोलकी दोन्ही वाजवणारा एक जण. बीटल्सची सहा गाणी घेऊन चाळीस मिनिटांचा कार्यक्रम करायचाय. एक कव्वालीच्या अंगाने, एक लावणीसारखं, एक रेगे, एक जॅझ, आणि जमलं तर एखादं मराठी शब्दांत. घरच्या घरी दोन गाणी लोकांना ऐकवली. एकाला लोक म्हणाले, ‘हे तर रेकॉर्डसारखंच आहे, मग रेकॉर्डच ऐकू की.’ दुसऱ्याला म्हणाले, ‘गाण्याची पार वाट लावलीत.’ म्हणून तुम्ही विचारताय की किती बदललं म्हणजे बरोबर.

मी सत्तावीस वर्षं पुण्यात कीबोर्ड वाजवतोय आणि त्यातली वीसेक वर्षं दुसऱ्यांसाठी अरेंजमेंट करतोय: भावगीतांचे कार्यक्रम, नाट्यसंगीत, फिरोदिया करंडक या कॉलेज-स्पर्धेच्या तालमी, हॉटेलात इंग्रजी गाणी, सगळं. माझ्या मते ‘किती’ या शब्दातच तुम्ही अडकला आहात. तुमच्या दोन्ही गाण्यांत चूक एकच झाली असणार. गाणं नेमकं कशावर उभं आहे हे न शोधता तुम्ही ढंग ठरवलात. मग एका गाण्यात भीतीने काहीच हललं नाही, आणि दुसऱ्यात नेमका तो खांबच हलला.

हे दोन टोकांच्या उदाहरणांनी सांगतो. १९६७ साली बीटल्सनी ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ केलं. ते त्यांचा ड्रमर रिंगो गायला. त्याचा आवाज फार फिरणारा नाही, म्हणून चालही थोड्या सुरांत बसवलेली आहे, लय मजेत चालणारी. पुढच्याच वर्षी जो कॉकर या इंग्लिश गायकाने ते गाणं घेतलं आणि चारच्या चालीचं सहाच्या झोक्यावर नेलं, लय निम्म्यावर आणली, ऑर्गन घातला, मागे बायकांचे आवाज घातले आणि स्वतः घसा फाटेस्तोवर गायला. ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि १९६९ ला अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या मंचावर त्याने ते गायल्यावर अनेकांना ते त्याचंच गाणं वाटायला लागलं. ताल, लय, आवाजाची जात, लांबी, सगळं बदललं. तरी गाणं मोडलं नाही, कारण त्याने एक गोष्ट जागची हलू दिली नाही. ती म्हणजे सवाल-जवाब. मूळ गाण्यात मित्र विचारतात आणि रिंगो उत्तर देतो. कॉकरकडेही मागचे आवाज विचारतात आणि तो उत्तर देतो. आपल्याकडे शाहीर आणि झीलकरी, म्हणजे मागे साथ धरणारे, यांचं जे नातं असतं, तेच. पोवाड्यातून झीलकरी काढून टाकलात तर शाहीर कितीही चांगला असो, पोवाडा उभा राहत नाही. कॉकरने झीलकरी ठेवले, उलट मोठे केले.

आता दुसरं टोक. ‘ब्लॅकबर्ड’ हे १९६८ चं गाणं: एक आवाज, एक गिटार, पायाचा ठेका, पक्ष्याचा आवाज, बस. २०२४ मध्ये बियॉन्सेने ते केलं तेव्हा गिटार आणि पायाचा ठेका मूळ रेकॉर्डिंगमधलाच वापरला. चाल तीच, लय तीच. बदललं काय, तर गाणारे गळे. तिने सोबतीला चार कृष्णवर्णीय कंट्री गायिका घेतल्या. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याशी या गाण्याचं नातं असल्याचं ते लिहिणाऱ्या बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने स्वतः सांगितलेलं आहे. म्हणजे ज्यांच्याकडे बघून गाणं सुचलं, त्यांच्याच तोंडी ते गेलं. बाकी सगळं जवळपास जसंच्या तसं असूनही मला ते खरंखुरं नवं गाणं वाटतं.

एकाने नव्वद टक्के बदललं, दुसरीने दहा टक्केही नाही, आणि दोघंही बरोबर. म्हणून टक्केवारी सोडा.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील आणि त्या मला इथे बसून सांगता येणार नाहीत. श्रोते कोण आहेत? ज्यांना ही गाणी पाठ आहेत त्यांच्यासमोर तुम्ही खूप लांब जाऊ शकता, कारण मूळ गाणं त्यांच्या डोक्यात चालूच असतं. ज्यांनी ती कधी ऐकली नाहीत त्यांना तुमची नक्कलही कळत नाही आणि बंडखोरीही कळत नाही. त्यांच्यासाठी चाल स्पष्ट ऐकू येणं एवढंच महत्त्वाचं. जागा कुठली आहे? दीडशे माणसांच्या सभागृहात, माइक नीट असताना बेसशिवाय एखादं गाणं सुंदर होतं. तेच मोकळ्या लॉनवर हवेत उडून जातं. आणि गायिकेची पट्टी. पट्टी तिच्या गळ्याची धरायची, रेकॉर्डची नाही. ती काळी चारमध्ये मोकळी होत असेल, तर गिटारवाल्याने कॅपो (तारांची पट्टी चढवणारा चिमटा) लावावा आणि तक्रार करू नये.

खांब शोधायचा कसा? मी तीन गोष्टी करून बघतो. पहिली, सगळी वाद्यं बाजूला ठेवून नुसत्या टाळीवर गाणं म्हणायचं. कुठे अडखळायला होतं, कुठे टाळी चुकते, तिथे त्या गाण्याचा काहीतरी स्वभाव दडलेला असतो. दुसरी कसोटी मी मनातल्या मनात ‘बँडची कसोटी’ म्हणतो. गणपतीच्या मिरवणुकीत प्रभात बँड किंवा दरबार बँड लक्ष्मी रोडवरून जाताना ऐकलाय ना? क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर शब्द नसतात, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) जवळपास नसतात, तरी दुसऱ्या सुराला गाणं ओळखू येतं. जे गाणं असं नुसत्या चालीवर उभं राहतं, त्याचा ठेका, कॉर्ड, वाद्यं सगळं तुम्ही बदलू शकता. जे राहत नाही, ते चालीपेक्षा दुसऱ्या कशावर तरी उभं आहे: एखाद्या गिटारच्या तुकड्यावर, ठेक्यावर किंवा शब्दांवर. ‘कम टुगेदर’ची चाल क्लॅरिनेटवर वाजवून बघा, हाताला फारसं काही लागणार नाही. ते गाणं बेसच्या त्या घसरत्या तुकड्यावर आणि ड्रमवर चालतं. तिसरी गोष्ट म्हणजे हे गाणं कोण कोणाला म्हणतंय, हे मराठीत एका वाक्यात सांगायचं. ही कसोटी तरुण मंडळी हमखास गाळतात, आणि लावणीच्या वेळी तुम्हाला हीच लागणार आहे.

टाळीच्या कसोटीचं महत्त्व मला एका चुकीतून कळलं. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका छोट्या सभागृहात ‘यस्टरडे’ केलं होतं, तबला, हार्मोनियम आणि दोन व्हायोलिन घेऊन. १९६५ चं हे गाणं जगात सगळ्यात जास्त वेळा पुन्हा रेकॉर्ड झालेल्या गाण्यांत गणलं जातं. पॉल मॅकार्टनीचा आवाज आणि गिटार, सोबत चार तंतुवाद्यं, बस. त्याच्या कडव्यात एक गंमत आहे. आपल्या कानाला चार किंवा आठ बारांची, म्हणजे ठेक्याच्या फेऱ्यांची, सवय असते. या गाण्याचं कडवं सात बारांचं आहे. केरव्याचं एक आवर्तन म्हणजे एक बार धरा. तबलजीच्या हाताला चौथ्या नाहीतर आठव्या आवर्तनाला उठाण, म्हणजे पुढच्या भागाकडे नेणारा भरगच्च तुकडा, घ्यायची सवय असते. आमच्या तबलजीला सातव्यानंतर पुढचं कडवं सुरू झालं की अधांतरी वाटायचं. तालमीत दोनदा गोंधळ झाला, म्हणून मी सरळ शेवटी एक बार वाढवला. व्हायोलिनचा छोटा तुकडा भरला. आठ झाले. सगळ्यांना वाजवायला सोपं झालं.

कार्यक्रम छान झाला असं आम्हाला वाटत होतं. नंतर पॅसेजमध्ये वायरी गुंडाळत होतो तेव्हा एक वयस्कर गृहस्थ आले. संगीतातले नव्हते, बँकेतून निवृत्त झालेले होते. म्हणाले, ‘तुमचं गाणं प्रत्येक कडव्याला थांबतंय हो. आधी ते थांबत नव्हतं.’ त्यांना बार मोजता येत नव्हते, पण ऐकू बरोबर आलं होतं. त्या गाण्यातल्या माणसाचं कालपर्यंत सगळं ठीक होतं आणि आज अचानक नाही. त्या सातव्या बारानंतर श्वास घ्यायला जागा नाही, एक वाक्य संपतं न संपतं तोच पुढचं ‘रे-सा-सा’ येऊन आदळतं, आणि म्हणूनच ते गाणं बेचैन आहे. मी त्याला बसायला खुर्ची दिली होती. नंतर आम्ही तो बार काढला आणि तबलजीला सांगितलं की उठाण घ्यायचीच नाही, मधल्या भागात जिथे बार जोडीने येतात तिथे हात मोकळा सोड. वाद्यं तीच राहिली, पण गाणं जागेवर आलं. तेव्हापासून गाण्यात एखादी गोष्ट वाजवायला विचित्र वाटली की ती सरळ करण्याआधी मी दोन दिवस थांबतो.

आता तुमच्या गायिकेबद्दल. तिच्या शिक्षणाचा उपयोग करायचा असेल तर ‘नॉर्वेजियन वुड’ घ्या. डिसेंबर १९६५ मध्ये आलेलं हे गाणं सगळ्यांना सतारीमुळे माहीत आहे. पण माझ्या मते सतार हा त्याचा खांब नाही. त्याची चाल पंचमापासून खाली उतरते आणि निषाद कोमल आहे, म्हणजे ती आपसूक खमाज थाटात, आपल्या रागांच्या एका स्वरचौकटीत, बसते. मधल्या भागात गंधारही कोमल होतो आणि वळण काफी थाटाकडे जातं. षड्ज, म्हणजे मूळ सा, हलत नाही, म्हणून तानपुरा लावता येतो. हे फार थोड्या पाश्चात्त्य गाण्यांत जमतं. ‘यस्टरडे’खाली तानपुरा लावून बघा, चौथ्या सेकंदाला बंद कराल; तिथे कॉर्ड पायाखालची जमीन सतत सरकवत असतात. ‘टुमॉरो नेव्हर नोज’ मात्र जवळपास एकाच कॉर्डवर उभं आहे, तिथेही तानपुरा चालेल.

‘नॉर्वेजियन वुड’ एका मुलीबरोबर बसवतानाची तालीम तुम्हाला सांगतो, कारण तुमच्याकडेही हेच होणार आहे. सहा मात्रा म्हटल्यावर तबलजीने भरलेला दादरा सुरू केला, ‘धा धी ना, धा ती ना’, आणि क्षणात त्याचं भावगीत झालं. छान होतं, पण त्या गाण्यातला माणूस इतका लाडात नाही. तो रात्रभर कुणाच्या तरी घरी थांबून सकाळी एकटा उरलेला आहे. मी म्हटलं, दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, ठेवून दे. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, फक्त बायाँचा (डाव्या हाताच्या डग्ग्याचा) एक घुमारा आणि चौथ्या मात्रेला बोटाचा नुसता स्पर्श. बाकी चार मात्रा रिकाम्या. मुलगी प्रत्येक कोमल निषादावर मुरकी (सुरांची झटपट गिरकी) घेत होती, तिला सांगितलं की पहिली दोन कडवी सरळ म्हण, जशी गोष्ट सांगतेस तशी. मग मधला भाग आला. तिथे मी काहीच सांगितलं नव्हतं. तिने शुद्ध गंधाराला ओझरता स्पर्श केला आणि मींडेने, म्हणजे सूर न तोडता घसरत, कोमल गंधारावर उतरली, सावकाश, पूर्ण एक आवर्तन घेऊन. खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्या एका सुराने काम केलं. एवढं शिक्षण घेतलेल्या गळ्याला त्या गाण्यात करण्यासारखं तेवढंच होतं आणि तेवढं पुरेसं होतं. कीबोर्डवरचा सतारीचा टोन कृपा करून लावू नका. व्हायोलिन आहे ना, तिला तो तुकडा द्या.

ही गाणी आपल्या संगीताच्या जवळ येतात यात योगायोग कमी आहे, हेही तुमच्या निवेदनात सांगा. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’वरच्या ‘लव्ह यू टू’मध्ये तबला वाजवणाऱ्याचं नाव कव्हरवर छापलेलं आहे: अनिल भागवत. ‘द इनर लाइट’चं वाद्यांचं रेकॉर्डिंग तर जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत झालं, भारतीय वादकांना घेऊन. आणि आपणही त्यांच्याकडून घेतलंच. १९६५ च्या ‘जानवर’ या हिंदी चित्रपटात शंकर-जयकिशन यांनी ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’चं ‘देखो अब तो’ केलं. ज्यांच्या आईवडिलांनी बीटल्सचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांच्या घरात ती चाल अशी पोचली.

तुमच्या चार ढंगांकडे येतो. कव्वालीला दोन गोष्टी लागतात: पुन्हा पुन्हा म्हणता येईल अशी छोटी ओळ, आणि ती ओळ प्रत्येक वेळी थोडी वर चढवण्याची सोय. तुम्ही ‘एलिनॉर रिग्बी’ कव्वाली करणार म्हणताय. मला ते पटत नाही. त्या गाण्यात दोन एकटी माणसं आहेत आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही. टाळ्या वाजवणारे आठ जण भोवती बसवलेत की एकटेपण संपलं. तिथे अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिनने १९६९ ला काय केलं ते ऐका. मूळ गाणं तिसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगतं, तिने ‘मीच एलिनॉर रिग्बी’ असं म्हणत सुरुवात केली. एका शब्दाने गोष्टीचं गाऱ्हाणं झालं. गाणं बहुतेक दोनच कॉर्डवर चालतं आणि मूळ रेकॉर्डिंगमध्ये फक्त आठ तंतुवाद्यं आहेत, म्हणजे तुमच्या सहा जणांना मोकळं रान आहे. एकच व्हायोलिन आणि गायिका, बाकी सगळे बाजूला, असं करून बघा.

कव्वालीसाठी मी ‘ऑल यू नीड इज लव्ह’ घेईन. त्यात ओळ पुन्हा पुन्हा येते, मागे कोरस आहे आणि विषयही कव्वालीच्या गावचाच आहे. शिवाय तुमच्या तबलजीसाठी मेजवानी आहे: कडवं बहुतांशी सात मात्रांचं आहे. रूपकाची, म्हणजे सात मात्रांच्या तालाची, सवय असलेल्या हाताला ते पहिल्यांदा ऐकतानाच ओळखीचं वाटेल. पण कडव्याच्या मध्ये एकदा आठ मात्रा येतात. ती एक मात्रा गाळून सगळं रूपकात बसवण्याचा मोह होईल. ‘यस्टरडे’ची माझी चूक आठवा. कोरस बहुतांशी सरळ चारचा आहे, तिथे टाळ्या, केरवा आणि आलापी सगळं येऊ द्या.

लावणीला ठसका, ढोलकी आणि घुंगरू यांच्या आधी एक गोष्ट लागते. एक बाई, समोर एक माणूस, आणि ती त्याला खेळवते आहे. लावणी समोरच्याला उद्देशून असते. म्हणून ‘कोण कोणाला’ ही कसोटी इथे कामी येते. तुम्ही निवडलेलं ‘मिशेल’ पुरुषाचं आर्जव आहे, ते लावणी होणार नाही, कितीही ढोलकी लावा. ‘ड्राइव्ह माय कार’ बघा, १९६५ चंच. त्यातली बाई म्हणते, मी मोठी नटी होणार आहे, तू माझा ड्रायव्हर हो. आणि शेवटी कळतं की अजून गाडीच नाही, पण ड्रायव्हर मिळाला हे काय कमी आहे! हे ऐकून फडावरची एखादी बाई हसून म्हणेल की हे तर आमचंच. मूळ गाण्यात ही गोष्ट पुरुष सांगतो. तुमची गायिका ती बाईच्या तोंडून सांगेल आणि गिटारवाला समोर उभा राहून मध्येच विचारेल. ढोलकीचा तोडा कोरसच्या आधी ठेवा, कोरसच्या खाली नको. तिथे शब्द ऐकू आले पाहिजेत, नाहीतर गंमतच जाईल.

रेगेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कॉर्ड सावकाश बदलणारं गाणं घ्या, गिटारने फक्त ऑफबीटला, म्हणजे ठोक्यांच्या मधल्या जागेत, वाजवावं, आणि बेसवाल्याला गाण्याचा मालक होऊ द्या. ‘ऑब-ला-डी, ऑब-ला-डा’ नको, त्यात तो झोका बीटल्सनीच घेऊन ठेवलाय, तुम्ही काही नवीन करणार नाही.

जॅझबद्दल कीबोर्डवाल्याला एक विनंती. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी यांनी १९६७ ला ‘अ डे इन द लाइफ’ केलं, जॉर्ज बेन्सन यांनी १९७० ला ‘ॲबी रोड’वरची गाणी घेऊन अख्खा अल्बम केला. ते ऐका, पण कॉर्ड मोजायला नको, मोकळी जागा मोजायला ऐका. आमच्याकडे जॅझ म्हटलं की प्रत्येक कॉर्डमध्ये दोन सूर जास्त घालायची घाई होते आणि गायिकेला पाय ठेवायला जागा राहत नाही. ‘हेल्प’ हे गाणं नुसतं लय कमी करून बघा. ते लिहिणाऱ्या बीटल्सच्या जॉन लेनननेच नंतर सांगितलं होतं की ते फार जलद झालं. डीप पर्पलने १९६८ ला आणि टीना टर्नरने १९८४ ला ते संथ केलं, आणि त्यात खरोखर मदत मागणारा माणूस ऐकू यायला लागला. तुमच्या जॅझच्या जागी मी हे ठेवीन: पियानो, बेस, आवाज.

मराठी शब्दांचा प्रश्न. आपल्याला ही परंपरा नवी नाही. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली असते: अमुक गाण्याच्या चालीवर. चाल घ्यायची आणि शब्द आपले घालायचे हे आपल्या रंगभूमीने पिढ्यान् पिढ्या केलं. पण तिथल्या चाली बहुधा आपल्याच भाषांच्या गळ्यातून आलेल्या होत्या. इंग्रजी शब्द बऱ्याचदा व्यंजनावर बंद होतो, आणि त्या बंद शब्दावर सूर लांबतो. मराठीत लांब सुराला ‘आ’, ‘ओ’, ‘ई’ असा उघडा स्वर मिळाला नाही तर गायिकेचा घसा आवळतो. म्हणून अर्थाचं भाषांतर करत बसू नका. आधी लांब सूर कुठे आहेत त्यांवर खूण करा, तिथे उघडे स्वर येतील असे शब्द शोधा, आणि मग ओळ जुळवा. आघातही बघा. मराठी शब्दाचा जोर चुकीच्या अक्षरावर पडला की ऐकणाऱ्याला तो शब्द परका वाटतो.

आणि इथेच कायद्याचं बोलतो, कारण तुम्ही रेकॉर्डिंग करून टाकणार आहात. मी वकील नाही, पण व्यवसायात हे वाचावंच लागतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती होऊन कलम ३१ सी आलं. त्यानुसार एखाद्या गाण्याचं पहिलं रेकॉर्डिंग झालेल्या वर्षानंतर पाच वर्षं उलटली की, आधी सूचना देऊन आणि ठरलेलं मानधन आगाऊ भरून, त्याची कव्हर आवृत्ती, म्हणजे दुसऱ्याने नव्याने केलेलं रेकॉर्डिंग, काढता येते. दरवर्षी किमान पन्नास हजार प्रतींचं मानधन भरावं लागतं. आणि महत्त्वाचं म्हणजे शब्दांत किंवा संगीतात मालकाच्या संमतीशिवाय पूर्वी न झालेला बदल करता येत नाही, तांत्रिक गरज असेल तेवढाच अपवाद. म्हणजे तुम्ही जे करायला निघालात, ढंग बदलणं, ते या वाटेने सहज बसत नाही. आणि मराठी शब्द हा तर भाषांतराचा वेगळा हक्क आहे, त्याला वेगळी परवानगी लागते. इंटरनेटवर टाकलेल्या व्हिडिओवर मालकाचा दावा आला आणि पैसे त्यांच्याकडे गेले, किंवा व्हिडिओच काढला गेला, तर धक्का बसू देऊ नका. प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी संगीताचा परवाना साधारणपणे आयोजक घेतात, आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून. ‘घेतलाय ना?’ हे तोंडी विचारू नका, लेखी मागा. आमचा एक कार्यक्रम आयोजकाने ‘सगळं झालंय’ म्हणून सांगितलं आणि सुरू व्हायच्या तासभर आधी कळलं की काहीच झालं नव्हतं. चार गाणी गाळावी लागली. तालीम केलेली गाणी मंचाच्या कडेला उभं राहून खोडणं फार वाईट असतं.

शेवटचं गाणं ‘हे ज्यूड’ ठेवणार आहात, ते बरोबर आहे. १९६८ चं हे गाणं सात मिनिटांहून लांब आहे आणि त्यातली शेवटची चारेक मिनिटं नुसतं ‘ना ना ना’ आहे. अमेरिकन गायक विल्सन पिकेटने त्याच वर्षाच्या अखेरीस अलाबामात ते केलं तेव्हा तो शेवट ड्युएन ऑलमनच्या गिटारने असा काही पेटवला की ते गाण्याचं शेपूट न राहता गाणंच तिथे सुरू झालं. आपल्या कानाला तो भाग गजरासारखा आहे: छोटी ओळ, तीच पुन्हा, हळूहळू वाढणारा जोर, सगळे सामील. तबलजीला भजनी ठेका घेऊ द्या, दोन जणांच्या हाती टाळ द्या. देवाचं नाव मात्र त्यात घालू नका. टाळ्या मिळतील, पण ते दोन्हीकडच्या माणसांना खोटं वाटेल. लय एकदाच वाढवा, तीही गायिकेच्या खुणेने. लोक गायला लागले की बेस आणि कीबोर्ड बंद करा, मग गिटार, मग टाळ. शेवटी समोरच्या लोकांचे आवाज आणि बायाँचा घुमारा एवढंच उरलं पाहिजे. तिथे गायिकेने माइक खाली घ्यावा आणि तबलजीने पुढच्या समेवर हात उचलावा.

‘यस्टरडे’ घेणार असाल तर सात बार मोजून एकदा टाळीवर म्हणा आणि त्याचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवा. अडखळलात कुठे ते कळवा, पुढचं तिथून बघू.